विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर: ‘धर्म नव्हे, तत्त्वज्ञानही नव्हे’ या दाव्याची तपासणी

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यना या ध्यानसाधनेच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी अर्ज करणाऱ्याला आधी एक नियमपत्रिका वाचून मान्य करावी लागते. विपश्यना म्हणजे अंधश्रद्धेवर उभे असलेले कर्मकांड नव्हे, असे ती पत्रिका सांगते, आणि त्याच ओघात ते बौद्धिक किंवा तात्त्विक रंजनही नव्हे, असेही बजावते. म्हणजे धर्म म्हणून येणाऱ्याला आणि तत्त्वज्ञान म्हणून येणाऱ्याला, दोघांनाही उंबरठ्यावरच आपले सामान खाली ठेवायला सांगितले जाते. मी एका महाविद्यालयात तीस वर्षे भारतीय तत्त्वज्ञान शिकवले. बौद्ध दर्शन हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग होता आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारत असे, ‘सर, बौद्ध हा धर्म आहे की तत्त्वज्ञान?’ माझे उत्तर ठरलेले होते: मुळात तत्त्वज्ञान, पुढे अनुयायांनी त्याचा धर्म केला. निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात मी हे शिबिर पूर्ण केले आणि ते उत्तर आता मी देऊ शकत नाही. त्यामुळे हे परीक्षण शिबिराचे आहे तसेच माझ्या त्या जुन्या उत्तराचेही आहे.

ज्या केंद्रात मी बसलो त्याचे नाव देत नाही. राहण्या-ऐकण्याच्या ज्या थोड्या अडचणी पुढे आल्या आहेत त्या त्या एका ठिकाणच्या आहेत. शिकवण्याची पद्धत, वेळापत्रक आणि ध्वनिमुद्रित सूचना मात्र सर्व केंद्रांत एकसारख्याच असतात, आणि परीक्षण मुख्यतः त्यांचे आहे.

दिवस पहाटे ४ वाजता घंटेने सुरू होतो. ४.३० ते ६.३० ध्यान, मग न्याहारी, ११ वाजता जेवण, सायंकाळी ५ वाजता चहा आणि नव्या साधकांना थोडे फळ व चुरमुरे, ७ वाजता प्रवचनाची चित्रफीत, रात्री ९.३० ला दिवे बंद. मधला सगळा वेळ ध्यानाचा, तो रोज दहा तासांहून अधिक भरतो. फोन, पुस्तके, वही, पेन सगळे जमा करावे लागते. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन पाळायचे असते, त्यात बोलणे तर नाहीच, पण खुणा आणि नजरानजरही टाळायची असते. जेवण साधे, शाकाहारी आणि पोटभर असते. या सर्वाचे शुल्क शून्य आहे आणि दान द्यायचे असेल तर तेही शिबिर पूर्ण केल्यानंतरच स्वीकारले जाते. हा मुद्दा मला वाटत होता त्यापेक्षा फार महत्त्वाचा ठरला, त्याकडे पुढे येतो.

नोंदणीच्या रांगेत माझ्या पुढे एक वयस्क माळकरी गृहस्थ होते. जपमाळ, गंडे-दोरे, ताईत, पोथ्या अशा धार्मिक वस्तू शिबिराच्या काळात जवळ ठेवू नयेत, असा नियम आहे. फोन आणि पाकीट त्यांनी सहज दिले. गळ्यातील तुळशीच्या माळेपाशी मात्र त्यांचा हात थांबला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग माळ काढून त्यांनी स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि सेवकाला एवढेच म्हणाले, ‘माऊली, ही खाली नका ठेवू, वरच्या फळीवर ठेवा.’ सेवकाने दोन्ही हातांनी तो रुमाल घेतला आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवला. हा नियम कोणत्या कारणासाठी आहे हे मला समजते: दहा दिवस एकाच पद्धतीची निर्भेळ परीक्षा व्हावी, तीत जप किंवा मंत्र मिसळू नये. परंतु माळ उतरवायला सांगणारी गोष्ट ‘केवळ एक तंत्र’ असू शकत नाही, हे त्या क्षणी मला प्रथम जाणवले. व्यायामशाळेत जाताना कोणी माळ काढून ठेवायला सांगत नाही. जी साधना दुसऱ्या साधनेला काही काळ बाजूला ठेवायला सांगते, ती स्वतः त्याच जातीची असते.

त्याच रात्री शिबिराचा औपचारिक प्रारंभ झाला. सर्वांनी पालीत त्रिशरण म्हटले, पंचशील घेतले आणि आनापान, म्हणजे श्वास पाहण्याची साधना, शिकवण्याची विनंती केली. बुद्धाला शरण जाणे म्हणजे एखाद्या व्यक्तीला शरण जाणे नसून बोधीच्या गुणांना शरण जाणे होय, असा या शरणाचा अर्थ पुढे प्रवचनांत सांगितला जातो. अर्थ सुंदर आहे आणि पाली परंपरेला धरूनही आहे. तरीही माझ्या डाव्या हाताला बसलेल्या साठीच्या गृहस्थांचे ओठ ध्वनिफितीच्या अर्धा क्षण आधीच हलत होते. त्यांना ते शब्द शिकायचे नव्हते, ते त्यांच्या घरचे होते. उजवीकडचा तरुण, जो पुढे एका औषध कंपनीत संगणकाचे काम करणारा निघाला, तेच शब्द अडखळत, परक्या भाषेतील शपथ वाचावी तसे म्हणत होता. एकाच सभागृहात एकच वाक्य एकाला शरण होते आणि दुसऱ्याला प्रवेशाची अट.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. श्वास लांब करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला नाव जोडायचे नाही. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर तो कुठे लागतो एवढेच जाणायचे. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते: डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने लक्ष फिरवायचे, प्रत्येक जागी जी संवेदना असेल ती जाणायची आणि तिच्याविषयी ना ओढ, ना चीड बाळगायची, कारण ती अनित्य आहे. त्यानंतर दिवसातील तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात. त्या तासाभरात हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसण्याचा प्रयत्न करायचा असतो. माझे वय चौसष्ट आहे. तेव्हा गुडघ्यांनी काय सांगितले असेल, हे वाचक समजू शकतील.

‘यत् सत् तत् क्षणिकम्’, जे आहे ते क्षणिक आहे, हे बौद्ध नैयायिकांचे वचन मी किती वेळा फळ्यावर लिहिले त्याची गणती नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांची प्रत्यक्षाची व्याख्या, त्यावरील न्यायदर्शनाच्या पंडितांचे आक्षेप, त्यांची उत्तरे हे सगळे मला पाठ होते. सहाव्या दिवशी दुपारच्या बैठकीत उजव्या गुडघ्यातील वेदना, जी अर्ध्या तासापासून दगडासारखी एकसंध वाटत होती, हळूहळू सुटी झाली. तिच्या जागी बारीक स्पंदने उरली. ती येत होती आणि जात होती, आणि ‘माझा गुडघा दुखतो’ या वाक्यातील ‘माझा’ काही क्षण कुठेही लागेना. मला अश्रू आले, हे लिहिताना संकोच वाटत नाही. तीस वर्षे शिकवलेल्या एका प्रतिज्ञेचे, म्हणजे सिद्ध करायच्या विधानाचे, उदाहरण मला त्या दिवशी प्रथमच मिळाले होते.

तेवढ्याने ती प्रतिज्ञा सिद्ध झाली का? इथे माझ्यातील शिक्षक गप्प बसत नाही. एक संवेदना विरताना अनुभवणे आणि ‘आत्मा नाही’ असा सिद्धान्त मांडणे, या दोहोंमध्ये बरेच अंतर आहे. ते अंतर कापण्यासाठी नागार्जुनापासून धर्मकीर्तीपर्यंतच्या आचार्यांना शतकानुशतके वाद करावा लागला. वेदान्ती माणूस तोच अनुभव घेऊन म्हणेल की विरणारे ते शरीर आणि पाहणारा तो साक्षी. शिबिरात या वादाला जागा नाही. दुपारी आचार्यांना भेटून प्रश्न विचारता येतात, ते साधनेतील अडचणींविषयी असावेत अशी अपेक्षा असते. मी आठव्या दिवशी विचारले, ‘आत्मा नसेल तर संस्कार पुढच्या जन्मात नेमके कोण नेते?’ आचार्यांनी अत्यंत प्रेमाने सांगितले की हा प्रश्न बाजूला ठेवून संवेदनांकडे परत जावे.

त्यांच्या उत्तराला आधार आहे. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातील मालुंक्यपुत्ताची कथा तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते: विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला की बाण मारणाऱ्याचे कुळ, रंग, गाव कळल्याशिवाय मी तो काढू देणार नाही, तर तो माणूस तसाच मरेल. परंतु बुद्धाने तिथे अनुत्तरित ठेवलेले प्रश्न जग शाश्वत आहे का, जीव आणि शरीर एक आहेत का, मृत्यूनंतर तथागत असतात का, अशा प्रकारचे होते. शिबिरातील सायंकाळच्या प्रवचनांत प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे एकातून दुसरे कसे उद्भवते हे सांगणारी, बारा अंगांची साखळी समजावली जाते, आणि परंपरेने ती साखळी जन्मांना जोडणारी मानली आहे. म्हणजे जन्म आणि संस्कार यांविषयीचे एक पूर्ण दर्शन साधकासमोर मांडले जाते. त्याची उलटतपासणी मात्र दहा दिवसांसाठी स्थगित असते. ‘तात्त्विक रंजन नव्हे’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ हा आहे. मी तो अन्याय मानत नाही. दहा दिवस वादात घालवले असते तर सहाव्या दिवसाची ती दुपार मला मिळाली नसती. परंतु त्याला तत्त्वज्ञान म्हणता येणार नाही, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार थांबला की तत्त्वज्ञान थांबते, मग तो थांबा कितीही हितकर असो.

अशा वेळी कालाम सुत्त या बुद्धाच्या उपदेशाचा दाखला हमखास दिला जातो. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू आदरणीय आहे म्हणून काही स्वीकारू नका. हा भाग आपल्याकडे भाषणांत आणि भिंतींवर सर्वत्र आढळतो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. त्यात सुज्ञांनी काय निंद्य आणि काय प्रशंसनीय मानले आहे हेही पाहण्यास सांगितले आहे, आणि शेवटी चार आश्वासने आहेत. त्यांतील पहिली दोन अशी: परलोक असेल, तर निर्वैर चित्ताच्या माणसाला सुगती मिळेल, परलोक नसेल, तर तो याच जन्मात सुखाने राहील. प्रश्न उघडा ठेवूनही माणसाला जगण्याचा भरवसा देणारे हे शब्द आहेत. वर्गात मी पहिला भाग शिकवत असे आणि तिथेच थांबत असे. भरवसा मागणाऱ्या माणसाला भरवसा देणे हे काम तत्त्वज्ञान सहसा आपल्याकडे घेत नाही.

‘मुळात तत्त्वज्ञान, नंतर धर्म’ हे माझे उत्तर कुठून आले असावे, याचा मी बराच विचार केला. काही अंशी ते धर्मानंद कोसंबींच्या वाचनातून आले असेल. गोव्यातील साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून थेट सिंहलद्वीपापर्यंत गेला आणि त्याने चमत्कारांचे थर बाजूला सारून ऐतिहासिक बुद्ध मराठीत आणला. बराचसा भाग मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिक्षणातून आला आहे. ‘रिलिजन’साठी आपण ‘धर्म’ आणि ‘फिलॉसॉफी’साठी ‘तत्त्वज्ञान’ असे शब्द ठरवले आणि मग जुन्या प्रत्येक गोष्टीला विचारू लागलो की तू या दोहोंपैकी कोण. आपल्या परंपरेत बौद्ध, जैन, सांख्य, वेदान्त ही सारी ‘दर्शने’ होती, आणि दर्शन हे मोक्षासाठी होते.

मुळातील शुद्ध तत्त्वज्ञानाचा काळ शोधायचा तर तो आपल्या सह्याद्रीत तरी सापडत नाही. कार्ले आणि भाजे येथे आत शिरल्यावर समोर दिसतो तो प्रदक्षिणेचा स्तूप. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षूंसाठी दिलेले लेणे, आणि त्यासोबत ३,००० कार्षापण नाण्यांची कायम ठेव. त्यांपैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले होते, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी तरतूद होती. हिशेब करून पाहावा: २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एका पैशाचीही तफावत नाही. इतक्या काळजीने दुसऱ्याच्या वस्त्राची तजवीज एखादा राजपुरुष करतो, त्या गोष्टीला केवळ विचारप्रणाली म्हणता येत नाही.

शिबिरातील दानाची व्यवस्था मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. दहा दिवस मी जे जेवलो त्याचे पैसे माझ्या आधी बसून गेलेल्या कोणा अनोळखी माणसाने दिले होते. स्वयंपाकघरात काम करणारे आणि पहाटे घंटा वाजवणारे सेवकही पूर्वी साधक म्हणून बसलेलेच होते आणि विनामोबदला काम करत होते. दहाव्या दिवशी दानाचे टेबल मांडले जाते, कोणी आग्रह करत नाही, रक्कम सुचवत नाही. ही व्यवस्था किती चोख चालते हे पाहून मी थक्क झालो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या तत्त्वावर लेण्यांतील भिक्षुसंघ चालत होता, त्याच तत्त्वावर हे शिबिर चालते, आणि सेवेचे परीक्षण म्हणून गुण द्यायचे झाले तर या अंगाला मी पूर्ण गुण देईन.

या परंपरेचा इतिहास पाहिला तरी उत्तर याच दिशेने जाते, आणि तो इतिहास आपल्या रत्नागिरीला स्पर्श करून जातो. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले. १८८६ पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत तो रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. थिबा राजवाडा पाहायला जाणाऱ्यांना त्याचे दुःख माहीत असते, पण मागे राहिलेल्या देशात काय घडले ते फारसे सांगितले जात नाही. बुद्धशासनाचा, म्हणजे बुद्धाच्या शिकवणुकीचा, रक्षक म्हणून जो राजा होता तो नाहीसा झाल्यावर ती शिकवणच लोप पावेल अशी भीती तिथे पसरली. लेडी सयाडो या विद्वान भिक्षूंनी अभिधम्म हा बौद्ध तत्त्वविचार आणि ध्यान सामान्य गृहस्थांपर्यंत नेण्याचा ध्यास घेतला, तो या भीतीच्या छायेत. राजा राखू शकत नसेल तर शेतकरी, व्यापारी आणि कारकून धर्म राखतील, अशी ती दूरदृष्टी होती. त्यांच्याकडून गृहस्थ आचार्य सया तेजी, त्यांच्याकडून स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झालेले सयाजी ऊ बा खिन आणि त्यांच्याकडून मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले, अर्धशिशीने त्रस्त असलेले मारवाडी उद्योजक सत्यनारायण गोएंका, असा हा क्रम आहे. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिले शिबिर झाले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे सुरू झाली. धर्म बुडू नये म्हणून जी साधना लोकांच्या हाती दिली गेली, तीच आज धर्मनिरपेक्ष तंत्र म्हणून आपल्यापुढे येते.

गोराईच्या समुद्रकिनारी, मधे एकही खांब नसलेल्या ज्या भव्य घुमटाचे २००९ साली उद्घाटन झाले, तिथे हजारो साधक एकत्र बसू शकतात, आणि त्या घुमटात बुद्धाच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. तो स्तूप आहे. गोएंकांनी कोणालाही धर्मांतर करायला सांगितले नाही, उलट आपल्या घरच्या धर्मात राहून साधना करावी असेच ते सांगत राहिले. त्यांच्या या उदारपणामुळेच माळकरी, जैन व्यापारी, ख्रिस्ती जोगिणी आणि मुसलमान शिक्षक एका सभागृहात बसू शकतात, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. तरीही ‘धर्म’ या शब्दाला त्यांनी संप्रदाय या अर्थाने नाकारले आणि निसर्गनियम या अर्थाने स्वीकारले, हे लक्षात घेतले पाहिजे. नियमपत्रिकेतील नकार पहिल्या अर्थापुरताच आहे. ऐकणाऱ्याला मात्र तो धर्माचाच नकार वाटतो.

दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवली जाते आणि मौन सुटते. डावीकडचे गृहस्थ, ज्यांचे ओठ त्या पहिल्या रात्री आधीच हलत होते, माझ्याशी बोलू लागले. ते परभणीचे, एसटीचे निवृत्त चालक. हे त्यांचे पाचवे शिबिर. मी तत्त्वज्ञान शिकवत होतो हे कळल्यावर त्यांनी थेट प्रश्न घातला, ‘सर, दुःखाचं मूळ तृष्णा, हे मला पटतं. दारू सोडताना मला तेच कामी आलं. पण माझ्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते. ते दुःख काय त्यांच्या तृष्णेमुळं होतं?’

मला उत्तर सुचले नाही. नंतर आठवले की हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत वेगळ्या शब्दांत घातला आहे. चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहेत का, अशी शंका त्यांनी तिथे उघडपणे मांडली. त्याच ग्रंथात त्यांनी ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ यांत भेद केला आहे. रिलिजन व्यक्तिगत असतो आणि जगाचा उगम सांगू पाहतो. धम्म सामाजिक असतो आणि त्याचे प्रयोजन जगाची पुनर्रचना हे आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती गरज उत्पन्न होते, ही त्यांची मांडणी. या कसोटीवर दहा दिवस एकमेकांकडे न पाहता बसलेली आम्ही शंभरेक माणसे धम्मात होतो की त्याच्या उंबरठ्यावर, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

मग त्यांनाच विचारले, ‘दादा, मग तुम्ही दर दोन वर्षांनी इथे का येता?’

ते म्हणाले, ‘मन ताळ्यावर राहतं. पण घरी गेलो की रविवारी विहारात जातो. वंदना होते, पोरांचा अभ्यास घेतो, कुणाच्या घरी मयत झालं तर सगळे मिळून जातो. ते काम इथं होत नाही.’

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. त्यांतील बहुतेक घरांमध्ये हा वारसा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेपासून किंवा तिच्या पाठोपाठ आला आहे. बाबासाहेबांना तिथे दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे होते, हा योग मला विलक्षण वाटतो. त्या दीक्षेची किंमतही मोजावी लागली. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय सवलतींचा हक्क १९९० पर्यंत नव्हता, म्हणजे चौतीस वर्षे. एखादा सिद्धान्त पटला म्हणून माणसे वाद घालतात, लेख लिहितात. मुलाच्या दाखल्यावरील रकाना बदलून चौतीस वर्षे त्याची झळ सोसतात, ती वेगळ्याच कारणाने. वर्गातील मागच्या बाकावर बसून ‘सर, धर्म की तत्त्वज्ञान?’ असे विचारणाऱ्यांपैकी काही मुले अशाच घरांतून आलेली होती. त्यांना मी ‘मुळात तत्त्वज्ञान’ असे सांगत होतो तेव्हा त्यांच्या आजोबांनी जे केले ते नंतर जडलेली भर होती, असाच त्याचा अर्थ होत होता. याची मला आता खंत वाटते, आणि हे लिहिण्यास बसण्याचे खरे कारण ती खंत आहे.

बौद्ध हा धर्म आहे, असे मी आता म्हणतो. देव नसलेला, प्रश्नाला भिणार नाही असा, आणि ज्याच्या पोटातून दिङ्नाग-नागार्जुनांसारखे तत्त्वज्ञ निर्माण झाले असा धर्म. पाली परंपरा परियत्ती, पटिपत्ती आणि पटिवेध असे तीन शब्द एकत्र घेते: ग्रंथांचे अध्ययन, त्यानुसार आचरण आणि त्यातून होणारा साक्षात्कार. माझ्या वर्गात पहिला होता, बाकीचे दोन नव्हते. शिबिरात दुसऱ्याला जवळजवळ सगळी जागा आहे आणि पहिल्याला संध्याकाळचा सव्वा तास. परभणीच्या त्या दादांच्या रविवारच्या विहारात या तिहींच्या पलीकडचेही काहीतरी आहे, ज्याला मी तूर्त संघ म्हणतो.

शिबिराविषयी आता व्यवहाराचे थोडे. शिस्त कडक आहे, पण कोणाचाही आवाज चढलेला मी ऐकला नाही. सूचना हिंदी आणि इंग्रजीत असतात. मराठी प्रवचनांची सोय मी होतो त्या केंद्रात वेगळ्या खोलीत होती, परंतु तेथील ध्वनियंत्रणा दोन संध्याकाळी नीट चालली नाही आणि खेड्यांतून आलेल्या काही वृद्ध बायांची त्यामुळे गैरसोय झाली. थंडीत पहाटे गरम पाणी पुरले नाही. या गोष्टी सुधारण्याजोग्या आहेत. अधिक गंभीर सूचना अशी की ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे किंवा होता, त्यांनी अर्जातील त्याविषयीचे प्रश्न खरेपणाने भरावेत आणि आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. दहा दिवसांचे मौन ही लहान गोष्ट नाही. ज्यांना धर्म या शब्दाचीच अडचण वाटते त्यांनीही जावे, मात्र आपण एका जिवंत धर्माच्या घरात पाहुणे म्हणून बसणार आहोत, हे मनाशी स्पष्ट ठेवून जावे.

अकराव्या दिवशी सकाळी सामान परत घेण्याच्या रांगेत माळकरी बाबा पुन्हा माझ्या पुढे होते. रुमाल उघडून त्यांनी माळ डोळ्यांना लावली आणि गळ्यात घातली. मी विचारले, ‘बाबा, कसे गेले दहा दिवस?’ ते म्हणाले, ‘अवघड गेले, पण पुन्हा येईन म्हणतो. तुमचे गुडघे कसे आहेत?’ मी खुर्ची मागायला सहावा दिवस उजाडू दिला होता, हे त्यांनी मौनातही पाहिले होते. साठीच्या पुढच्या वाचकांना म्हणून सांगतो: खुर्ची किंवा पाठीला टेका मागायला संकोच करू नये, आणि तो पहिल्याच दिवशी दुपारी धम्मसेवकाकडे मागावा.